कुंडीतल्या शंका : मार्शमॅलोचं तहानलेलं झाड

मागच्या अंकात औषधी झाडांबद्दल लिहिताना मार्शमॅलोच्या रोपावर जेमतेम दोन ओळी लिहिल्या होत्या, की हे झाड कुंडीतही होतं आणि दिसायलाही गोड असतं, बस एवढंच. त्यावर एवढी पत्रं आलीत की या वेळी बाकीच्या सगळ्या झाडांना रांगेत उभं केलंय. गंमत म्हणजे निम्म्या पत्रांत एकच गोंधळ वेगवेगळ्या रूपात आहे, म्हणून पहिलं उत्तर लांबलंय, बाकी काही वाचा न वाचा ते तेवढं वाचा.

प्रश्न : ताई, माझं मार्शमॅलो रोज दुपारी मान टाकतं. संध्याकाळी पाणी घातलं की उठतं, पण आता खालच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत झाल्यात. कुंडी आठ इंची आहे, खाली भोकं आहेत, माती मी मुद्दाम वाळू घालून भुसभुशीत केलीये, कारण रोपाच्या लेबलवर "हर्ब" लिहिलं होतं आणि हर्ब्जना पाणी कमी लागतं असं सगळीकडे वाचलंय. दोन पाण्यांच्या मध्ये माती पूर्ण सुकू देते. अजून काय करू?

उत्तर : सगळा घोळ त्या "हर्ब" शब्दाने केलाय. रोझमेरी, थाइम, लॅव्हेंडर ही मंडळी कोरड्या दगडाळ उतारांवरची, त्यांना माती सुकलेली चालते, किंबहुना आवडते. मार्शमॅलोच्या नावातच मार्श आहे, म्हणजे दलदल. युरोप, पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिका हा त्याचा मूळ मुलूख आणि तिथेही ते कुठे उगवतं तर नदीकाठी, ओढ्याच्या कडेला, समुद्राजवळच्या खारट पाणथळ जागांत. जे झाड पिढ्यान्‌पिढ्या पाय चिखलात ठेवून जगलं त्याला तुम्ही वाळूत बसवून उपास घडवताय, मान टाकणार नाही तर काय करेल बिचारं.

मी हे हसून लिहितेय कारण माझं पहिलं रोप मी अस्संच मारलंय. लॅव्हेंडर आणि रोझमेरीच्या मध्ये जागा होती, तिथे छान दिसेल म्हणून ठेवलं आणि तिघांना एकाच मापाने पाणी, तेही आठवड्यातून दोनदा. ते दोघं मजेत आणि मार्शमॅलोची पानं खालून वर एकेक करून गळत गेली, शेवटी वर चार पानांचा झुबका राहिला आणि मग तोही गेला. दुसरं रोप लावलं ते एका जुन्या खोल बादलीत, तळाला चार भोकं पाडून, आणि तेव्हा कुठे कळलं की हे झाड मनावर घेतलं तर छातीएवढं होतं.

तर आधी कुंडी बदला. आठ इंच म्हणजे या झाडाला पाळणा झाला. याचं मूळ जाड, मांसल, पांढरट पिवळं असतं आणि सरळ खाली जातं, बाजूलाही जाडजूड फाटे फुटतात, त्यामुळे रुंदीपेक्षा खोली बघा. निदान ४० सेंटिमीटर खोल आणि २५ ते ३० लिटर मातीची कुंडी हवी, त्याहून मोठी मिळाली तर उत्तमच, कारण झाड एक ते दीड मीटर उंच होतं आणि उथळ कुंडीत वाऱ्याने सरळ आडवं पडतं. मातीत वाळू नको. साधी बागेची माती दोन भाग, चांगलं कुजलेलं कंपोस्ट एक भाग, हाताशी असेल तर थोडं कोकोपीट. माती जराशी चिकण असली तरी हे झाड तक्रार करत नाही, उलट पाणी धरून ठेवते म्हणून बरंच. वरून वाळक्या पानांचा चार-पाच सेंटिमीटरचा थर द्या, फक्त खोडाला चिकटवू नका.

पाण्याचं म्हणाल तर "सुकू देणे" हा प्रकार विसरा. बोट खुपसून बघायचं, वरची बोटाच्या एका पेराएवढी माती कोरडी व्हायला लागली की पाणी, आणि भरपूर, तळातून बाहेर येईपर्यंत. कडक उन्हाळ्यात रोज लागेल, कधी दिवसातून दोनदाही. कुंडीखाली खोलगट बशी ठेवून तिच्यात दोन-तीन सेंटिमीटर पाणी राहू दिलं तरी चालतं, बाकी झाडांना मी हे कधीच सांगणार नाही पण याला चालतं. मात्र झाड वाढत असतानाच. थंडीत ते झोपलं की बशी काढून घ्यायची, कारण तेव्हा मूळ पाणी ओढत नाही आणि गार साचलेल्या पाण्यात जाडं मूळ सडतं.

आणि एक, दुपारी मान टाकणं म्हणजे दर वेळी तहानच असं नाही. पानं मोठी आणि मऊ आहेत, रणरणत्या उन्हात मुळं जेवढं पाणी वर पाठवतात त्याहून जास्त पानांतून उडून जातं, मग माती ओली असूनही पानं लोंबतात आणि ऊन उतरलं की आपोआप ताठ होतात. म्हणून झारी उचलायच्या आधी बोट. माती ओली असेल तर पाणी नको, दुपारची सावली द्या. सकाळचं ऊन आणि दुपारनंतर सावली हा सौदा उष्ण ठिकाणी याला फार मानवतो, जिथे ऊन सौम्य आहे तिथे दिवसभर उन्हात ठेवलं तरी चालेल. कुरकुरीत झालेली पानं परत हिरवी होत नाहीत, ती देठासकट काढून टाका. कुंडी बदलताना मातीचा गोळा फोडू नका, याच्या मुळांना उचकटलेलं आवडत नाही, आणि हे काम संध्याकाळी करा म्हणजे रात्रभर त्याला सावरायला वेळ मिळतो.

प्रश्न : खारट दलदलीत वाढतं ना? मग पाण्यात थोडं मीठ घालायचं का?

उत्तर : नाही हो! ते मीठ सहन करतं, मागत नाही. नदीकाठच्या गोड्या पाण्यातही ते तितकंच जोमाने वाढतं. दलदलीत भरती-ओहोटीने आणि पावसाने मीठ धुतलं तरी जातं, कुंडीतलं मीठ कुठे जाणार, ते साठत राहील आणि एक दिवस झाडाला पाणीच ओढता येणार नाही. साधं पाणी घाला.

प्रश्न : मी मोठ्या हौसेने बिया मागवल्या, चाळीसेक असतील, सगळ्या एकदम ट्रेमध्ये पेरल्या. महिना उलटून गेला, एक अंकुर नाही. बिया खराब होत्या का? परत मागवू की नाद सोडू?

उत्तर : ट्रे फेकला नसेल तर आधी तो सांभाळून ठेवा. मार्शमॅलोच्या बिया हट्टी असतात, कवच कडक आणि आत झोप गाढ. त्यांच्या मूळच्या जागी काय होतं की उन्हाळ्याच्या शेवटी शेवटी बी तयार होऊन गळतं, मग अख्खा हिवाळा ओल्या गार मातीत पडून राहतं, कवच हळूहळू मऊ पडतं आणि वसंत लागला की उगवतं. आपण पाकिटातून काढून थेट उबदार मातीत टाकतो, तिला हिवाळा मिळालेलाच नसतो, मग ती कशाला उठेल.

तो हिवाळा आपण फ्रिजमध्ये द्यायचा. पुढच्या वेळी बिया आधी बारीक सँडपेपरवर हलक्या हाताने घासा, कवचावर ओरखडा उठला की पुरे, आतलं दिसेपर्यंत नाही. मग रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी ओल्या करून घट्ट पिळलेल्या टिश्यूत गुंडाळा, झिपच्या पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. चार ते सहा आठवडे. पिशवीवर तारीख लिहा आणि काय आहे तेही लिहा, कारण आमच्याकडे माझी अशी एक पिशवी "काहीतरी कुजलंय" म्हणून घरच्यांनी टाकून दिली होती आणि त्यात माझ्या हाती राहिलेल्या शेवटच्या बिया होत्या. आठवड्यातून एकदा उघडून बघा, टिश्यू सुकला असेल तर पाणी शिंपडा, बुरशी दिसली तर टिश्यू बदला, आणि एखादीला पांढरं टोक फुटलं असेल तर ती लगेच मातीत.

पेरताना अर्ध्या सेंटिमीटरहून खोल जाऊ नका. १५ ते २० अंश सेल्सिअस तापमान असेल तर दोन-तीन आठवड्यांत यायला लागतात, पण सगळ्या एकदम येतील ही अपेक्षा ठेवू नका, आज दोन, पुढच्या आठवड्यात एक, मग काहीच नाही, मग अचानक चार, असा यांचा कारभार. म्हणूनच म्हटलं की तुमचा ट्रे फेकू नका. थंडी पडत असेल तर तो तसाच ओला ठेवून बाहेर सोडा, निसर्ग आपलं काम करेल. थंडी लांब असेल तर माती चाळून सापडतील तेवढ्या बिया काढा आणि फ्रिजची वाट धरा. रोपांना दोन-तीन खरी पानं (अंकुराच्या पहिल्या जोडीनंतर येतात ती) आली की मोठ्या जागी हलवा, उशीर केला तर मूळ ट्रेच्या तळाला टेकून वळतं आणि मग झाड रुसतं.

खरं सांगू, ज्यांना एकच झाड हवंय त्यांनी बियांच्या भानगडीत न पडता तयार रोप आणावं किंवा कुणाच्या जुन्या झाडाचा फुटवा मागून घ्यावा. बिया हा हौसेचा भाग आहे.

प्रश्न : माझ्या फ्लॅटला फक्त उत्तरेकडची खिडकी आहे, उन्हाची तिरीपही येत नाही. घरात खिडकीजवळ ठेवलं तर चालेल ना?

उत्तर : नाही चालणार. रोज निदान चार-पाच तास ऊन हवंच, नाहीतर काड्यांसारखं लांबत जाईल, पानं फिकट पडतील आणि फूल काही येणार नाही. ग्रो लाइटखाली छोटी रोपं वाढवता येतात पण दीड मीटरचं झाड त्या दिव्याखाली बसवणार कसं? त्या खिडकीत सावलीतलं दुसरं काहीतरी लावा, त्या झाडाचे आणि तुमचे दोघांचेही हाल वाचतील.

प्रश्न : मला सांगितलं होतं मार्शमॅलो म्हणून, पण फूल आलंय ते जेवणाच्या ताटलीएवढं, गडद गुलाबी, मध्ये लाल. फोटो जोडतेय. हे तेच आहे का? की फसवलं गेलंय मला?

उत्तर : फोटो बघितला, झाड सुंदर आहे पण मार्शमॅलो नाही. ही बहुतेक हिबिस्कस मॉश्यूटॉस, म्हणजे दलदलीतली जास्वंद, उत्तर अमेरिकेतली. इंग्रजीत तिलाही मॅलो म्हणतात, तीही पाणथळ जागीच वाढते, त्यामुळे विकणाऱ्याने मुद्दाम फसवलं असेलच असं नाही, नावांचा घोटाळा खरंच आहे.

ही सगळी एकाच घरातली माणसं, मराठीत या कुळाला भेंडी कुल म्हणतात, जास्वंद, भेंडी, कापूस, सगळे यातलेच. चेहरेपट्टी सारखी म्हणजे पाच पाकळ्या आणि मध्ये पुंकेसरांची एकत्र जुळलेली दांडी. खरा मार्शमॅलो, शास्त्रीय नाव अल्थिया ऑफिसिनॅलिस, त्याचं फूल लहान असतं, तीन ते पाच सेंटिमीटर, फार तर फिकट गुलाबी नाहीतर जवळजवळ पांढरं, पुंकेसरांची टोकं जांभळट, आणि पानांच्या बेचक्यात आखूड देठांवर दोन-चार फुलं झुपक्याने येतात. पण मी फुलापेक्षा पानावर विश्वास ठेवते. पान दोन्ही बाजूंनी राखाडी हिरवं आणि इतकं लवदार असतं की डोळे मिटून हात फिरवला तर मखमल वाटावी. हॉलीहॉकचं पान खरखरीत लागतं, फूलही बरंच मोठं असतं आणि उंच सरळ दांड्यावर ओळीने लागतं. हॉलीहॉकला आपल्याकडे गुलखैरा म्हणतात, मार्शमॅलोला युनानी औषधांत खतमी म्हणतात, आणि ही दोन नावंही लोक बिनदिक्कत एकमेकांच्या जागी वापरतात, त्यामुळे नावावरून काही ठरवू नका. फळ धरेपर्यंत थांबायची तयारी असेल तर ती खूण सगळ्यात पक्की, मार्शमॅलोचं फळ चपटं गोल, मधोमध खळगा आणि भोवती बियांच्या फाकी चक्रासारख्या रचलेल्या, तर जास्वंदीच्या गटात पाच कप्प्यांची बोंडं येतात, वाळली की उकलतात.

तुमचं झाड ठेवा, पाण्याचे लाड जवळपास तेच. फक्त पुढे मुळांबद्दल जे लिहिलंय ते या झाडावर करू नका.

प्रश्न : मावशी, मी सहावीत आहे. आईने मार्शमॅलोचं झाड लावलंय. त्याला मार्शमॅलो कधी लागतील? मित्र म्हणतो लागतच नाहीत.

उत्तर : मित्र बरोबर बोलतोय, पण अर्धंच! आत्ता पाकिटातून मिळतात त्या मार्शमॅलोमध्ये या झाडाचं काहीच नसतं, त्यात साखर, पाक आणि जिलेटिन असतं. पण त्यांना नाव याच झाडावरून पडलंय. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधले मिठाईवाले याच्या मुळातला चिकट रस काढून साखर आणि अंड्याच्या पांढऱ्याबरोबर खूप खूप फेटायचे, मग ते फुगून मऊ व्हायचं. त्याला खूप वेळ आणि मेहनत लागायची, मग जिलेटिन सोपं पडतं म्हणून मूळ मागे पडलं आणि नाव तेवढं राहिलं.

तुला त्या रसाचा चिकटपणा बघायचा असेल तर आईला विचारून एक पान तोड, बोटांत चुरगाळ आणि दोन थेंब पाणी टाकून चोळ. भेंडी चिरताना हाताला लागतं ना तसंच बुळबुळीत लागेल.

प्रश्न : थंडी सुरू झाली तशी पानं पिवळी पडली आणि आता सगळं झाड वाळून काड्या झाल्यात. एवढं जपलं होतं. काढून टाकू का?

उत्तर : थांबा!! मेलेलं नाहीये, झोपलंय. हे बहुवर्षायू झाड आहे पण वरचा भाग दर हिवाळ्यात मरतो आणि जीव मुळात जाऊन बसतो. काड्या जमिनीपासून आठ-दहा सेंटिमीटर ठेवून कापा, पाणी कमी करा पण माती ठक्क कोरडी होऊ देऊ नका. बर्फ पडणाऱ्या ठिकाणी जमिनीतलं झाड आरामात तगतं पण कुंडीतल्या मुळांना चारी बाजूंनी गारठा लागतो, त्यामुळे कुंडी भिंतीच्या आडोशाला सरकवा आणि भोवती गोणपाट गुंडाळा. वसंतात बुडातून राखाडी मखमली कोंब वर येतात, आणि ते जरा उशिरा येतात, शेजारच्या कुंड्या हिरव्या झाल्या तरी हे महाराज ढिम्म, तेव्हा घाबरून उकरून बघू नका.

जिथे हिवाळा नावापुरताच असतो तिथे झाड पूर्ण झोपत नाही, जुन्या काड्या तशाच लांबत राहतात आणि बुंधा उघडा पडतो. तिथे थंडीच्या शेवटी आपणच कापायचं, म्हणजे नवीन फुटवे दमदार येतात.

प्रश्न : पानांच्या मागे नारिंगी तपकिरी फोड आलेत, वरून पिवळे ठिपके दिसतात. निंबोळी तेल मारतोय पण फरक नाही. शेजारच्या कुंडीत गुलखैरा आहे, त्यालाही तेच झालंय.

उत्तर : तुम्ही शेवटच्या वाक्यात उत्तर दिलंत. हा तांबेरा, पक्सिनिया माल्व्हेसिॲरम नावाची बुरशी, आणि मॅलोच्या नातलगांवर तिचा विशेष लोभ. मूळची दक्षिण अमेरिकेतली, १८७३ मध्ये इंग्लंडमध्ये पोचली आणि तिथले हॉलीहॉकचे ताटवेच्या ताटवे तिने साफ केले. काही तांबेऱ्यांना जगायला दोन वेगवेगळ्या जातींची झाडं लागतात, हिला नाही लागत, ती एकाच झाडावर पिढ्या काढते, म्हणून एकदा शिरली की घरचीच होऊन बसते. तुमचा गुलखैरा मार्शमॅलोला देतोय की मार्शमॅलो गुलखैऱ्याला, आता शोधून उपयोग नाही, दोघांना लांब करा.

निंबोळी तेल किडींवर बरं, फोड आलेल्या तांबेऱ्यावर त्याचा फार काही जोर चालत नाही. खरं काम कात्रीचं आहे. फोड असलेलं प्रत्येक पान काढा, खाली गळलेलीही वेचा, आणि कंपोस्टच्या डब्यात अजिबात टाकू नका, बांधून कचऱ्यात द्या. निम्मं झाड बोडकं झालं तरी चालेल, त्याच्यात परत फुटायची ताकद आहे. पाणी पानांवर न मारता बुंध्याशी घाला आणि सकाळी घाला, कारण पानं रात्रभर ओली राहिली की बुरशीचं फावतं. बुडाशी गर्दी झाली असेल तर दोन-चार दांडे कमी करा म्हणजे वारं खेळेल. हिवाळ्यात काड्या कापाल तेव्हा सगळ्या उचला, जुन्या खोडांवर आणि पानांवर बसूनच ती पुढच्या वर्षी येते. इतकं करूनही दर वर्षी तेच होत असेल तर मी त्या दोघांतलं एकच झाड ठेवीन, आणि माझं मत मार्शमॅलोला, पण ते तुम्ही बघा.

प्रश्न : पानांना छरे मारल्यासारखी बारीक भोकं, आणि काही पानं फिकट होऊन मागे जाळी. शिवाय खत कोणतं घालू?

उत्तर : भोकं पाडणारे म्हणजे उड्या मारणारे चिमुकले भुंगेरे, मोठ्या झाडाचं ते फार वाकडं करत नाहीत, लहान रोपांवर मात्र जाळी टाका. पानामागची जाळी लाल कोळी नावाच्या बारीक किडीची, आणि लाल कोळी आला म्हणजे झाड कोरडं राहतंय असं समजा. पानांच्या मागून पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवसांआड मारा, इथे निंबोळी तेल चालेल, पण पानं खायची असतील तर नुसतं पाणीच बरं. (तांबेऱ्यावाल्यांना वर सांगितलं पानं ओली करू नका आणि इथे फवारा मारा म्हणतेय, हो, दोन्ही खरं आहे, म्हणून हा फवारा सकाळी.)

खत वसंतात दोन ओंजळी कंपोस्ट किंवा गांडूळखत, मध्ये एकदा परत, संपलं. नायट्रोजनचा मारा केलात तर पानं हत्तीच्या कानाएवढी आणि दांडे लेचेपेचे, मग काठ्यांना बांधत बसा. आणि पहिल्या वर्षी फूल आलं नाही म्हणून खत वाढवू नका, बियांपासूनचं झाड बहुतेकदा दुसऱ्या वर्षीच फुलतं, उन्हाळ्याच्या उत्तरार्धात.

प्रश्न : झाड आता दीड वर्षाचं आहे. मुळं कधी काढायची आणि कशी वापरायची? कोरड्या खोकल्यावर चांगलं असतं ऐकलंय. माझ्या यजमानांना डायबेटिसच्या आणि प्रेशरच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनाही दिलं तर चालेल का?

उत्तर : आधी शेवटचं. त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. याच्या मुळात जो चिकट द्रव असतो तो घशाला, पोटाला आतून लेप दिल्यासारखा बसतो, आराम पडतो तो त्यामुळेच, पण तोच लेप गोळ्या अंगात भिनायचा वेग कमी करू शकतो. युरोपात औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या युरोपियन मेडिसिन्स एजन्सीची सूचना अशी आहे की इतर औषधं आणि मार्शमॅलो यांच्यात अर्धा ते एक तास अंतर ठेवा. डायबेटिसवाल्याने जास्तच जपून राहावं. तुम्ही स्वतः कोरड्या खोकल्याला, घसा खवखवण्याला घेताय तर त्यासाठी त्याचा वापर फार जुना आहे, अल्थिया हे नावच ग्रीक भाषेतल्या "बरं करणे" या अर्थाच्या शब्दावरून आलंय आणि ऑफिसिनॅलिस म्हणजे औषधांच्या कोठीतलं, १७५३ मध्ये लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने झाडाला हे नाव दिलं तेव्हा औषधवाल्यांकडे ते कधीचंच रुळलेलं होतं. पण आठवडाभरात खोकला हटला नाही, ताप आला, दम लागला तर मुळं बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचा.

काढायचं म्हणाल तर दीड वर्षाला घाई होईल. दोन पूर्ण वर्षं होऊ द्या आणि वरचं झाड वाळलं की काढा, कारण उन्हाळ्यात झाड सगळी शक्ती पानाफुलांत खर्च करतं आणि थंडी आली की मुळात साठवतं, चिकटपणाही तेव्हा जास्त. कुंडीवाल्यांचं हे बरं असतं, कुंडी आडवी करून पूर्ण गोळा बाहेर काढता येतो. मधला कोंबांचा गड्डा आणि एक-दोन चांगली मुळं ठेवून परत लावा, बाजूची करंगळीएवढी जाड मुळं कापून घ्या. जुनं लाकडासारखं झालेलं मूळ घेऊ नका. धुवा, वरची पातळ साल खरवडा, ओलं असतानाच बारीक तुकडे करा, वाळल्यावर ते सुरीला दाद देत नाही. आणि लगेच वाळवा, पंख्याखाली किंवा ड्रायरमध्ये ४० अंशांच्या आसपास, कारण त्यात इतका ओलावा आणि चिकट असतो की दोन दिवस टोपलीत राहिलं तर बुरशी धरते. तुकडा वाकवल्यावर कट्‌कन मोडला म्हणजे वाळला.

वापरताना सगळेजण एक चूक करतात, चहासारखं उकळतात. मुळात स्टार्चही भरपूर असतो, उकळलं की तो पाण्यात उतरतो आणि खळीसारखं काहीतरी होतं. चिकट द्रव गार पाण्यातही छान सुटतो. एक चमचा वाळलेले तुकडे ग्लासभर गार पाण्यात घालून काही तास झाकून ठेवा, रात्री घातलं तर सकाळी गाळायचं, पाणी जरा दाटसर बुळबुळीत झालेलं असेल. त्याच दिवशी संपवा. चव विचाराल तर काही नाहीच, किंचित गोडसर मातकट, आमच्या घरात एकाला आवडते आणि दोघं तोंड वाकडं करतात.

मुळांसाठी झाड उपटायचं जिवावर येत असेल (माझ्या येतं) तर पानं आणि फुलंही वापरतात, त्यांच्यातही चिकट आहे, थोडा कमी. आणि हे सगळं तुमच्या झाडाची ओळख पक्की असेल तरच, वर ताटलीएवढ्या फुलाचा किस्सा वाचलात ना.

प्रश्न : तीन वर्षांचं झाड आहे, कुंडी फुटायला आलीये. बहिणीला त्यातलं थोडं द्यायचंय, ती लांब राहते, प्रवास दिवसभराचा. कसं काढू?

उत्तर : काड्या वाळल्यावर किंवा वसंतात कोंब जेमतेम डोकं काढतायत तेव्हा काढा, भर उन्हाळ्यात नको. गोळा बाहेर काढून पाण्याने माती धुऊन टाका म्हणजे कोंब कुठे आहेत ते दिसतं, मग धारदार सुरीने कापा, हाताने ओढून फाडू नका. प्रत्येक तुकड्याला निदान दोन कोंब आणि बोटभर लांबीचं तरी मूळ हवं, नुसत्या मुळाचा तुकडा लावून वाट बघत बसाल. मधला म्हातारा लाकडी भाग टाकून दिलात तरी हरकत नाही, कडेचे तरुण असतात तेच चांगले लागतात. कापलेली जागा तासभर सावलीत सुकू द्या.

बहिणीसाठीचा तुकडा ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळा, वरून प्लास्टिकची पिशवी, कोंबांकडचं तोंड उघडं. असा तो दोन-तीन दिवसही राहतो, फक्त गाडीत उन्हाच्या बाजूला ठेवू नका. आणि तिने खोल कुंडी आणि माती आधीच तयार ठेवावी, पोचल्यावर चहा नंतर. पूर्वी जेवढं मातीत होतं तेवढंच खोल लावायचं, पाणी भरपूर, आणि पहिले आठ-दहा दिवस काही हालचाल दिसली नाही तरी तिला सांगा की रोज उकरून बघायचं नाही.